हिशोब आणि हजेरी

फॉर्म नंबर २६ बघितलाय का हो कधी? विधानसभेला किंवा लोकसभेला उभा राहणारा प्रत्येक उमेदवार अर्जासोबत जे प्रतिज्ञापत्र देतो, ते हे. निवडणूक आयोगाच्या साईटवर कोणाचंही उघडून वाचता येतं, फुकट. गेले दोन विकांत मी आमच्या नागपूरकर उमेदवारांची अशी प्रतिज्ञापत्रं वाचण्यात घालवले. (लोक शनिवारी पिक्चर बघतात. आपापला छंद :-))

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांचं लक्ष आधी रकान्यांकडे जातं. इथे रकाने असे आहेत: स्वतः, पती किंवा पत्नी, हिंदू अविभक्त कुटुंब, अवलंबित एक, दोन, तीन. बँकेत किती, शेअर किती, गाडी कोणती, जमीन कुठे, कर्ज किती, हे सगळं प्रत्येकाचं वेगवेगळं लिहायचं. दागिन्यांचं तर वजनसुद्धा. म्हणजे ज्या बाईने आयुष्यात कधी भाषण केलं नाही, फोटो काढून घेतला नाही, तिच्याकडे किती ग्रॅम सोनं आहे हे पुसदपासून पॅरिसपर्यंत कोणीही वाचू शकतं.

हे बरोबर की चूक? माझं उत्तर शेवटी देतो, पण आधी जरा इतिहास. कारण हा रकाना २००२ नंतरचा असला तरी ती मागणी बरीच जुनी आहे, आणि तिचा बराचसा प्रवास आमच्या धंतोलीच्या आसपास झालेला आहे.

नागपूरबाहेरच्यांसाठी थोडं धंतोलीविषयी. सीताबर्डीला लागून, वर्धा रोडच्या कडेला असलेली ही जुनी वस्ती. एकेकाळी बंगले, झाडं, वकील आणि डॉक्टर. आता दर दुसऱ्या इमारतीत हॉस्पिटल, खाली औषधाचं दुकान आणि रस्त्यावर गाडी लावायला जागा नाही. रामकृष्ण मठ इथला. राष्ट्र सेविका समितीचं देवी अहिल्या मंदिर इथलं. आणि यशवंत स्टेडियमही इथलंच. डिसेंबरात विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन भरलं की राज्यभरातले मोर्चे ह्या स्टेडियमपासून निघतात. त्यामुळे धंतोलीकराला राजकारण बघायला कुठे जावं लागत नाही, ते घरासमोरून जातं.

तर अशा वस्तीत वाढल्यामुळे प्रचारफेऱ्या मी लहानपणापासून बघतोय. उमेदवार दारात येतो, हात जोडतो, आणि आतून कोणीतरी आजी हमखास विचारते, "वहिनी दिसून नाही राहिल्या? तब्येत बरी आहे नं?" प्रश्नात माया असते. पण उमेदवाराचं उत्तर ठरलेलं असतं: "त्या दुसऱ्या वॉर्डात फिरून राहिल्या." वहिनी खरं तर ऑफिसात असतात, किंवा घरी मुलाचा अभ्यास घेत असतात. पण हे सांगायची सोय नाही.

माझी एक मैत्रीण आहे, कॉलेजपासूनची. तिच्या नवऱ्याने महापालिकेसाठी तिकीट मागितलं. पक्षाच्या मुलाखतीत त्याला कामाबद्दल दोन प्रश्न आणि घराबद्दल तीन प्रश्न आले. मिसेस हळदीकुंकवाला येतील का, घरोघरी फिरतील का, नोकरीतून सुट्टी मिळेल का. मैत्रिणीने साफ सांगितलं की तुझं काम चांगलं आहे, मत मी तुलाच देणार, पण मी फिरणार नाही. तिकीट दुसऱ्याला गेलं. कारण तेच होतं असं मी म्हणत नाही. पण त्यानंतर नातेवाईकांत सहा महिने चर्चा चालली ती तिच्या "हट्टाची", त्याच्या कामाची नाही. तेव्हापासून हा विषय माझ्या डोक्यात आहे.

आता इतिहास.

धंतोलीच्या शेजारी काँग्रेसनगर आहे. हे नाव पडलं ते डिसेंबर १९२०च्या काँग्रेस अधिवेशनामुळे. त्या नागपूर अधिवेशनात असहकाराच्या ठरावावर शिक्कामोर्तब झालं. वकिलांनी कोर्टं सोडावीत, विद्यार्थ्यांनी सरकारी शाळा-कॉलेजं सोडावीत वगैरे. आपण इतिहासात वाचतो की अमुक बॅरिस्टरांनी चालती प्रॅक्टिस सोडली. नागपुरात बॅ. मोरोपंत अभ्यंकरांचं नाव आपण अभिमानाने घेतो. पण "प्रॅक्टिस सोडली" ह्या दोन शब्दांचा अर्थ घरात काय होत असेल? पहिल्या तारखेला येणारे पैसे बंद. पाहुणे मात्र वाढले, कारण यजमान पुढारी झाले. जो निर्णय मंडपात झाला त्याची अंमलबजावणी स्वयंपाकघरात झाली. त्या घरातल्या बाईंचं मत कोणी विचारलं असेल का? काही घरांत विचारलं असेल, बऱ्याच घरांत नसेल.

इथून ७०-७५ किलोमीटरवर वर्धा. तिथे हीच गोष्ट अजून ठळक दिसते. जमनालाल बजाज गांधीजींच्या चळवळीत उतरले आणि जानकीदेवींनी पडदा सोडला, अंगावरचं सोनं सोडलं, खादी घेतली. जानकीदेवी पुढे स्वतः तुरुंगात गेल्या, भूदानात काम केलं, १९५६ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं. म्हणजे त्या सार्वजनिक आयुष्यात स्वतःच्या पायावर उभ्या राहिल्या, ह्यात शंकाच नाही. पण त्या काळात एक मापदंड तयार झाला. पुढाऱ्याचा त्याग खरा की खोटा हे त्याच्या घरावरून ओळखायचं. बायकोच्या अंगावर खादी आहे का? हातात सोन्याच्या बांगड्या आहेत का? ती चरखा चालवते का? लोकांनी हे बघणं स्वाभाविक होतं. पुढाऱ्याचे हिशोब बघायची दुसरी कुठली सोय तेव्हा नव्हती.

आमच्या भाषेत ह्याला प्रॉक्सी म्हणतात. म्हणजे जी गोष्ट थेट मोजता येत नाही, तिच्याऐवजी जी दिसते ती मोजायची. पुढाऱ्याची सचोटी दिसत नाही, बायको दिसते. मग बायको बघा.

हा मापदंड पुढे निवडणुकांत आला, आणि तिथे त्याची एक गंमत दिसते. नागपूरच्या पहिल्या खासदार कोण? १९५२ची पहिली सार्वत्रिक निवडणूक, नागपूर लोकसभा मतदारसंघ, निवडून आल्या अनसूयाबाई काळे. १९५७ला पुन्हा त्याच. बाईंची कारकीर्द त्याच्या आधीपासूनची. १९२८ मध्ये मध्य प्रांताच्या कौन्सिलवर नेमणूक, मिठाच्या सत्याग्रहाच्या वेळी त्या जागेवर पाणी सोडलं, १९३७ मध्ये निवडून येऊन मध्य प्रांत-वऱ्हाडच्या विधानसभेच्या उपसभापती. १९४२च्या आष्टी-चिमूर प्रकरणात फाशीची शिक्षा झालेल्यांना वाचवण्यासाठी त्यांनी जिवाचं रान केलं. अखिल भारतीय महिला परिषदेच्या त्या अध्यक्षही होत्या.

आता मला सांगा, अनसूयाबाईंच्या यजमानांबद्दल आपल्याला काय माहीत आहे? त्यांच्या चरित्राच्या ज्या काही ओळी सांगितल्या जातात त्यात यजमान एका वाक्यात येतात आणि जातात. आणि त्यात कोणाला काही खटकत नाही! नवरा आपलं काम बघत असेल, असं आपण गृहीत धरतो. हेच गृहीत उमेदवाराच्या बायकोबद्दल धरलं तर? मतदारसंघ हाच, शहर हेच. पण प्रश्न एकीलाच.

पुढचं उदाहरण वत्सलाबाई नाईकांचं. मूळच्या नागपूरच्या घाटे. वसंतराव नाईक पुसदजवळच्या गहुलीचे, बंजारा समाजातले, कायद्याच्या शिक्षणासाठी नागपुरात. १९४१ मध्ये दोघांनी लग्न केलं. ब्राह्मण मुलगी आणि बंजारा मुलगा, साल १९४१! दोन्हीकडून विरोध झाला. म्हणजे राजकारण सुरू व्हायच्या आधीच ह्या दोघांचा संसार हा जगाचा विषय होऊन बसला होता. पुढे १९५२ मध्ये वसंतराव निवडून आले आणि उपमंत्री झाले. तेव्हाच्या मध्य प्रदेशाची राजधानी आपलं नागपूरच. १९५६ मध्ये द्विभाषिक राज्य झालं तसं बिऱ्हाड मुंबईला गेलं.

मुंबईत त्यांना मलबार हिलवर एक बंगला मिळाला. त्याचं नाव नाईकांनी "वर्षा" ठेवलं. ५ डिसेंबर १९६३ला वसंतराव मुख्यमंत्री झाले. त्यांच्या आधी मुख्यमंत्र्यांचं निवासस्थान म्हणजे "सह्याद्री". पण वत्सलाबाईंचा जीव "वर्षा"त रमला होता, त्यांना तिथून हलायचं नव्हतं, आणि म्हणून नाईक तिथेच राहिले, असं सांगतात. तेव्हापासून "वर्षा" हे मुख्यमंत्र्यांचं घर झालं. आज "वर्षावर बैठक", "वर्षावर खलबतं" असं आपण रोज वाचतो तेव्हा लक्षातही येत नाही, की ही एका गृहिणीच्या साध्या आवडीची गोष्ट आहे. आवडलेल्या घरात राहता यावं, इतकंच. त्या घराचं पुढे सत्ताकेंद्र झालं. खाजगी आवडसुद्धा शेवटी सरकारजमा!

आणि वेणूताई. यशवंतराव चव्हाणांच्या पत्नी, फलटणच्या मोऱ्यांच्या. त्यांच्याबद्दल लिहिल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. लग्न २ जून १९४२. दोन महिन्यांत ऑगस्ट क्रांती. नवरा भूमिगत. १९४३ मध्ये पोलिसांनी वेणूताईंनाच उचललं आणि तुरुंगात टाकलं. का? त्यांनी कुठे तारा तोडल्या नव्हत्या की भाषण केलं नव्हतं. नवरा सापडत नाही म्हणून बायको. पुढे वेणूताई आजारी पडल्या, यशवंतराव त्यांना बघायला फलटणला आले आणि तिथेच त्यांना अटक झाली. म्हणजे इंग्रज सरकारचा हिशोबही तोच होता. पुढाऱ्याला गाठायचं तर बायकोच्या वाटेने.

त्यानंतर यशवंतराव १९४६ला आमदार, मग मंत्री, मुख्यमंत्री, १९६२ मध्ये दिल्लीला संरक्षणमंत्री, गृहमंत्री, अर्थमंत्री, परराष्ट्रमंत्री, १९७९ मध्ये उपपंतप्रधान. नवरा एवढ्या पदांवर, आणि वेणूताई मात्र व्यासपीठापासून लांब. तब्येत नाजूक, स्वभाव मितभाषी. घर सांभाळलं, माणसं सांभाळली, पण सभा नाही, पद नाही. महाराष्ट्राने त्यांचं हे लांब राहणं मानलं का? मानलं, पण एका अटीवर. आपण त्यांना "माउली" केलं, "त्यागमूर्ती" केलं. साधं "त्यांना आवडत नव्हतं" म्हणायला आपल्याला जड जातं. बाई गप्प राहिली तर त्या गप्प राहण्याचाही आपण पुतळा करतो.

१ जून १९८३ला वेणूताई गेल्या. यशवंतराव त्यातून सावरले नाहीत असं त्यांच्या जवळचे लोक लिहितात. २५ नोव्हेंबर १९८४ला तेही गेले. कराडला त्यांचा सगळा ग्रंथसंग्रह ज्या वास्तूत आहे तिला नाव आहे वेणूताईंचं. ह्या माणसाला बायकोचं मोल कळलेलं होतं, आणि त्यासाठी तिला प्रचाराच्या जीपमध्ये उभं करायची गरज पडली नव्हती.

नागपूरला परत येऊ. कॉम्रेड ए. बी. बर्धन. १९५७ मध्ये नागपुरातून अपक्ष म्हणून विधानसभेवर निवडून गेले, नंतर लोकसभेला उभे राहिले आणि हरले, पुढे भाकपचे सरचिटणीस झाले, २०१६च्या जानेवारीत वारले. त्यांच्या पत्नी पद्मा ह्या प्राध्यापिका. १९८६ मध्ये त्यांचं निधन झालं. कम्युनिस्ट पक्षाचे पूर्णवेळ कार्यकर्ते म्हणजे पक्षाकडून मिळणारं मानधन ते काय असणार! अशा कितीतरी घरांत महिन्याचा किराणा बायकोच्या पगारातून आला. शिक्षिका, नर्स, प्राध्यापिका, क्लार्क. ह्या बायकांनी सभा गाजवल्या नसतील, पण त्या नोकरीवर गेल्या म्हणून नवरा सभेला जाऊ शकला. त्यांची नोकरी हाच त्यांचा प्रचार होता म्हणा ना. पण "वहिनी प्रचारात दिसत नाहीत" हा टोमणा अशा घरांनाही चुकला नसेल.

आता तुम्ही म्हणाल, नागपूरवर लिहितोयस आणि अमृता फडणवीसांचं नाव नाही? घ्या. ३१ ऑक्टोबर २०१४ला देवेंद्र फडणवीस मुख्यमंत्री झाले. अमृता फडणवीसांनी बँकेतली नोकरी सुरू ठेवली, गाणी गायली, कार्यक्रमांना गेल्या, मतं मांडली. ह्यातल्या प्रत्येक गोष्टीवर टीका झाली. नोकरीवर झाली, गाण्यावर झाली, कपड्यांवर झाली. दुसरीकडे प्रतिभाताई पवार. अनेक दशकं राजकीय व्यासपीठापासून लांब. २०२४च्या विधानसभेला बारामतीत नातवाच्या प्रचारात दिसल्या, तर त्यांचं नुसतं दिसणं हीच बातमी झाली. एक दिसते म्हणून चर्चा, एक दिसत नव्हती ती दिसली म्हणून चर्चा. राजकीय मतं बाजूला ठेवा (कृपया ठेवाच, नाहीतर ह्या विषयावर बोलताच येणार नाही). दोघींच्या बाबतीत परीक्षक आपणच आहोत, आणि पेपर त्यांनी मागितलेला नाही.

इथवर समाजाचं झालं. आता कायद्याकडे वळतो, कारण कायद्याने ह्या बाबतीत समाजापेक्षा जास्त डोकं वापरलंय असं माझं मत झालंय.

२ मे २००२ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की उमेदवाराची मालमत्ता, शिक्षण आणि गुन्हे जाणून घेणं हा मतदाराचा हक्क आहे. ह्या मालमत्तेत पती-पत्नीची आणि अवलंबितांचीही आली. संसदेने कायदा बदलून हे बोथट करायचा प्रयत्न केला, तो मार्च २००३च्या निकालात टिकला नाही. फॉर्म २६चा तो रकाना हा असा आला. २०१८ मध्ये "लोकप्रहरी" खटल्यात न्यायालय अजून पुढे गेलं. नुसती मालमत्ता पुरे नाही, ती कुठून आली हेही सांगा, स्वतःचं आणि जोडीदाराचंही. कारण उघड आहे. पैसा खाणारा माणूस तो स्वतःच्या नावावर थोडाच ठेवतो? सात-बारा बायकोच्या नावाने, फ्लॅट मुलाच्या नावाने. जोडीदाराचा रकाना काढून टाकला तर सगळा फॉर्मच निकामी होईल. सिस्टीममध्ये एक दार उघडं ठेवायचं आणि बाकी सगळ्यांना कुलूप लावायचं, असा तो प्रकार.

दरम्यान आणखी एक निकाल आला. १३ सप्टेंबर २०१३, "रिसर्जन्स इंडिया" खटला. प्रतिज्ञापत्रात रकाना कोरा सोडता येणार नाही. त्यानंतरची पहिली लोकसभा निवडणूक २०१४ची. तेव्हा वडोदऱ्याच्या अर्जात नरेंद्र मोदींनी पत्नीच्या रकान्यात पहिल्यांदा जशोदाबेन हे नाव लिहिलं. आधीच्या विधानसभा निवडणुकांत तो रकाना कोरा होता. मालमत्तेपुढे "माहिती नाही" असं लिहिलं. जशोदाबेन म्हणजे गुजरातमधल्या एक निवृत्त शाळाशिक्षिका, भावाकडे राहणाऱ्या, बसने-रिक्षाने फिरणाऱ्या. एका रकान्याने त्या देशभर माहीत झाल्या. पुढे त्यांना सुरक्षा मिळाली. नोव्हेंबर २०१४ मध्ये त्यांनीच माहिती अधिकारात अर्ज केला, की ही सुरक्षा कुठल्या नियमाने दिली? मी सार्वजनिक वाहनाने जाते आणि रक्षक मागून गाडीने येतात, हे कसं? मला तो अर्ज फार महत्त्वाचा वाटतो. कारण ह्या सगळ्या गदारोळात प्रत्येकजण त्यांच्याबद्दल बोलत होता, आणि त्यांनी विचारला तो एका नागरिकाचा सरळ प्रश्न होता.

म्हणजे हिशोब मागताना कधीकधी माणूस उघडा पडतो, हे खरंच आहे. मग मर्यादा कुठे? २४ ऑगस्ट २०१७ला नऊ न्यायाधीशांच्या खंडपीठाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला. त्या नऊ जणांत आपल्या नागपूरचे शरद बोबडे होते, त्यांनी आपलं स्वतंत्र सहमतीचं निकालपत्रही लिहिलं. आणि ९ एप्रिल २०२४ला अरुणाचल प्रदेशातल्या तेजू मतदारसंघाच्या खटल्यात हे दोन्ही धागे एकत्र आले. अपक्ष आमदार कारिखो क्री ह्यांची २०१९ची निवड उच्च न्यायालयाने रद्द केली होती, कारण कुटुंबाच्या नावावरची काही वाहनं प्रतिज्ञापत्रात नव्हती. त्यात बायकोची एक जुनी स्कूटीसुद्धा! सर्वोच्च न्यायालयाने निवड कायम केली. म्हणाले, उमेदवाराचं सगळं आयुष्य मतदारासमोर उघडं टाकायची गरज नाही. मतावर परिणाम होईल अशी भरीव मालमत्ता सांगा, प्रत्येक किरकोळ वस्तू नको.

इथे मला कायद्याची दिशा स्पष्ट दिसते. कायदा जोडीदाराकडे हिशोब मागतो, आणि त्यालाही मर्यादा घालतो. हजेरी तो कधीच मागत नाही. फॉर्म २६ मध्ये "पत्नी प्रचारात येते का" असा रकाना नाही. "हळदीकुंकू घेते का" असाही नाही. हा रकाना आपण भरून घेतो, दारात उभं राहून.

आणि एक लक्षात घ्या. आपल्या आजी-पणजीच्या काळात पुढाऱ्याच्या बायकोकडे बघण्याला एक कारण तरी होतं. हिशोब बघायला मिळत नव्हता म्हणून घर बघायचं. १९२०चा वर्धेकर पुढाऱ्याचं प्रतिज्ञापत्र मोबाईलवर उघडू शकत नव्हता. आपण शकतो. मूळ आकडा हातात आल्यावर प्रॉक्सी फेकून द्यायची असते. आपण मात्र सोनं ग्रॅममध्ये मोजतो आणि वर बाईंनी ते घालून दारात यावं अशीही अपेक्षा ठेवतो.

कोणी म्हणेल, काय बिघडलं? आल्या चार दिवस फिरायला तर? बिघडतं असं की ह्या अपेक्षेपायी चांगली माणसं उभीच राहत नाहीत. ज्याच्या घरात बायको मदतीला उतरते त्याला दुप्पट हात मिळतात, ज्याची बायको शिफ्टमध्ये काम करते तो आधीच मागे. आणि हजेरीच्या सवयीची दुसरी बाजू अजून वाईट आहे. महाराष्ट्रात १९९० मध्ये स्थानिक संस्थांत महिलांना ३० टक्के जागा राखीव झाल्या, २०११ मध्ये ५० टक्के. वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला की काल तिकीट मागणारा नवरा आज बायकोचं नाव पुढे करतो. तिला विचारलंय कोणी? जिला घरात, नोकरीत, स्वतःच्या कामात राहायचं होतं, तिचा फोटो फ्लेक्सवर आणि खुर्चीत नवरा. "सरपंचपती", "नगरसेवकपती" हे शब्द आपण हसत हसत वापरतो. २०२३ मध्ये केंद्राच्या पंचायती राज मंत्रालयाला ह्यावर समिती नेमावी लागली. ज्या समाजात जोडीदाराला "मी नाही येणार" म्हणायची मोकळीक नसते, तिथे तिला उमेदवार म्हणूनही "नाही" म्हणता येत नाही, आणि मनापासून "हो" म्हणणाऱ्या अनसूयाबाईंसारखीवरही लोक शंका घेतात की हिच्यामागे कोण आहे.

बाहेर बघायचं तर दोन उदाहरणं. अमेरिकेत एलिनॉर रूझवेल्ट नियमित पत्रकार परिषदा घ्यायच्या. १९४५ मध्ये त्यांच्या जागी आलेल्या बेस ट्रुमन यांनी ती प्रथाच बंद केली. लोकांना आवडलं नाही, पण देश चालला. जर्मनीत २००५ मध्ये अँगेला मर्केल चॅन्सेलर झाल्या. त्यांचे यजमान योआखिम झाउअर रसायनशास्त्रज्ञ. शपथविधीला गेलेच नाहीत, टीव्हीवर बघितला म्हणे! वर्षातून एकदा ऑपेराला बायकोबरोबर दिसायचे, म्हणून वर्तमानपत्रांनी थोडी थट्टा केली. बाकी सोळा वर्षं मर्केल बाई राज्य करत होत्या आणि हे आपलं संशोधन. त्यांच्यामुळे कोणी मर्केल यांना "घर सांभाळता येत नाही" म्हटलं नाही. पुरुषाला ही सवलत सगळ्या जगात मिळते असं दिसतं.

आमच्या धंतोलीत हॉस्पिटलांच्या पाट्या वाचत गेलं तर बऱ्याच ठिकाणी नवरा-बायको दोघांची नावं असतात, दोघांच्या वेगवेगळ्या डिग्र्या. बऱ्याच ठिकाणी एकाचंच नाव असतं. पोट दुखत असताना आपण डॉक्टरला कधी विचारतो का, "मिसेस ऑपरेशनला येणार नं?" आपण बघतो की हात चांगला आहे का आणि बिल खरं आहे का. नगरसेवक, आमदार, खासदार निवडताना ह्यापेक्षा जास्त काय बघायचं असतं?

तर माझं उत्तर असं. फॉर्म २६चा तो रकाना राहू द्या. कितीही खाजगी आयुष्य आवडो, जोडीदार सत्तेच्या जागेवर जात असेल तर पैशाचा हिशोब द्यावा लागेल, ती किंमत आहे. पण तो हिशोब दिला की त्या माणसाचं आपल्याशी देणंघेणं संपलं. पुढे सभेला यायचं की नाही, हसायचं की नाही, फोटोत उभं राहायचं की नाही, हे तिचं तिने ठरवावं. किंवा त्याचं त्याने.

पुढच्या वेळी उमेदवार दारात आला की त्याला गडरलाईन विचारा, पार्किंग विचारा, प्रतिज्ञापत्रातली जमीन कुठून आली तेही बिनधास्त विचारा. वहिनींची तब्येत बरीच आहे. त्या कामावर गेल्या आहेत.

असो. बरंच लांबलं. सोमवारी सकाळी साडेनऊला मीटिंग आहे, तेव्हा तूर्तास इतकंच.